झाकली मूठ: ईटन्स नावाच्या घरच्या दुकानाची १३० वर्षं

१ जून २०२५ला कॅनडात हडसन्स बे कंपनीची उरलीसुरली दुकानं कायमची बंद झाली. ही कंपनी १६७० सालची, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या चार वर्षं आधीची. आठ हजारांहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीचं नाव आणि तिचे प्रसिद्ध रंगीत पट्टे 'कॅनेडियन टायर' नावाच्या दुसऱ्या कंपनीनं ३ कोटी डॉलरला विकत घेतले. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांनी एका वाक्यात निकाल लावला: ऑनलाइन खरेदीनं आणखी एक बळी घेतला.

हा निकाल घाईचा आहे. कारण याच देशात, याच धंद्यातलं, याहून लाडकं दुकान २६ वर्षं आधीच बुडालं होतं. त्या वेळी ऑनलाइन खरेदी जेमतेम रांगत होती. त्या दुकानाचं नाव ईटन्स. ते १८६९ ते १९९९ अशी १३० वर्षं चाललं आणि जवळपास शेवटपर्यंत एकाच घराण्याच्या मालकीचं होतं. अशी दुकानं चालतात कशी आणि बुडतात कशी, हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे नुसतं मोठं दुकान नव्हे

एका छपराखाली कापड, बूट, भांडी, फर्निचर, खेळणी असे वेगवेगळे विभाग. प्रत्येक विभागाचा माल खरेदी करणारा माणूस वेगळा, हिशेब वेगळा. गिऱ्हाइकाला मात्र दार एकच आणि नावही एकच. एवढी व्याख्या पुरे.

खरी क्रांती आकाराची नव्हती, वागण्याची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत दुकानात शिरणं म्हणजे काहीतरी घ्यायला आलात असंच धरलं जाई. किंमत वस्तूवर लिहिलेली नसे. ती दुकानदाराच्या मनात असे आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ठरे. पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बूसिको यानं 'बाँ मार्शे' हे दुकान वेगळ्या रीतीनं चालवायला घेतलं. किमतीची चिठ्ठी मालावरच लावलेली, आत येऊन नुसतं पाहून गेलात तरी चालेल, आणि आवडलं नाही तर परत घेऊ. आज यात काहीच विशेष वाटत नाही, यावरूनच ती कल्पना किती यशस्वी झाली ते कळतं.

ठरलेल्या किमतीचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. घासाघीस करायला मुरलेला माणूस लागतो. दर पडला तर मालकाचं नुकसान, म्हणून गल्ल्यावर मालक किंवा त्याचा विश्वासू हवाच. चिठ्ठी लावली की ते काम चार दिवस शिकवलेली मुलगीही करू शकते. मग दुकानात चार विक्रेते कशाला, चारशे ठेवता येतात. दुकान मोठं झालं म्हणून किंमत ठरलेली असं झालं नाही. किंमत ठरली म्हणून दुकान मोठं होऊ शकलं.

आता पैशाचा भाग. विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पोहऱ्यात पाणी थोडंच येतं, पण रहाट भरभर फिरला तर पाट भरून वाहतो. डिपार्टमेंट स्टोअरचा नफा असाच येतो. समजा एका दुकानदारानं १०० डॉलरचा माल १३०ला विकला आणि वर्षात असा माल दोनदाच संपवला, तर त्याला ६० डॉलर सुटले. दुसऱ्यानं तोच माल ११५लाच विकला, पण वर्षात सहा वेळा संपवला, तर त्याला ९० सुटले. गुंतवलेले मूळ पैसे दोघांचे सारखेच. किती वेळा माल संपवून नवा भरला, त्याला आपण 'फिरत' म्हणू. या लेखात लक्षात ठेवायचा शब्द हा एकच.

रोखीचा हट्ट

टिमथी ईटन १८३४ मध्ये आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यात जन्मला आणि १८५४ मध्ये कॅनडात आला. भावांबरोबर सेंट मेरीज नावाच्या छोट्या गावात त्यानं काही वर्षं दुकान चालवलं. तिथलं गिऱ्हाईक शेतकरी. पीक हाती आलं की पैसे, तोवर उधारी. वरच्या रहाटाच्या भाषेत सांगायचं तर पोहरे भरून वर येत होते, पण रिकामे व्हायला सुगीची वाट पाहावी लागत होती. फिरत शून्यावर यायला असं एकच खराब वर्ष पुरतं.

१८६९ मध्ये त्यानं टोरंटोच्या यंग स्ट्रीटवरचं एक कापडदुकान ६,५०० डॉलरला घेतलं आणि जाहीर केलं: फक्त रोख, आणि किंमत एकच. तेव्हाची प्रतिष्ठित खरेदी किंग स्ट्रीटवर होई. तिथलं बडं गिऱ्हाईक महिनोन्‌महिने खात्यावर माल नेई. टिमथीनं त्या लोकांचा नाद सोडून दिला. शहरात कारखाने वाढत होते आणि आठवड्याला मजुरी मिळणारा, खिशात थोडी पण नगद असलेला वर्ग तयार होत होता. त्याचं गिऱ्हाईक तो वर्ग. रोखीचा हट्ट हे त्याचं तत्त्व होतं, पण ते चाललं ते या मजुरीमुळे. वीस वर्षं आधी तो याच हट्टानं बसला असता तर बहुधा उपाशी राहिला असता.

याला जोडून त्यानं एक वचन दिलं: माल पसंत पडला नाही तर पैसे परत. यावर पहिली शंका येते ती अशी की, लोकांनी वापरून परत आणलं तर? काही आणतातच. पण बाकीचे शंभर लोक बिनधास्त खरेदी करतात, विचार करायला घरी जात नाहीत, आणि फिरत वाढते. परत आलेला माल हा त्या विश्वासासाठी भरलेला विम्याचा हप्ता.

टिमथी कट्टर मेथडिस्ट, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका कडक शिस्तीच्या पंथाचा होता. त्याच्या दुकानात कित्येक वर्षं तंबाखू मिळत नसे. रविवारी दर्शनी काचांवर पडदे ओढलेले असत, आणि ही पद्धत १९६८ पर्यंत चालू होती. मालकाचा धर्म आणि दुकानाचा नियम यांत फरक नव्हता. गिऱ्हाइकाला त्याचं काही वाटत नसे, उलट 'पैसे परत'चं वचन देणारा माणूस देवाला भिणारा आहे याचा दिलासाच वाटत असणार.

घरोघरी पोचलेलं पुस्तक

१८८४ मध्ये टोरंटोच्या औद्योगिक प्रदर्शनात ईटन्सनं ३२ पानांची एक पुस्तिका वाटली. हा त्यांचा पहिला कॅटलॉग. पुढच्याच वर्षी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेल्वे पूर्ण झाली, पश्चिमेच्या गवताळ पठारांवर वस्ती वाढू लागली आणि ३२ पानांची शेकडो पानं झाली. जवळचं दुकान कोसांवर असलेल्या शेतकऱ्याच्या बायकोला घरबसल्या कोट, शिवणयंत्र, लोणी काढायची रवी मागवता येऊ लागली. पुढे तर अख्ख्या घराचा आराखडा आणि त्याला लागणारं लाकूडसामानही कॅटलॉगमधून मागवता येई.

त्या पुस्तकाचं पुढे काय होई हेही मजेदार आहे. परदेशातून आलेले लोक त्यातली चित्रं पाहून इंग्रजी शब्द शिकत, मुलं आईस हॉकी खेळताना नडगीला बांधत, आणि नवा कॅटलॉग आला की जुना परसातल्या संडासात जाई.

न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आधी पाठवणं, ती गाडीनं येणं, मापात बसली नाही तर परत पाठवणं: आजच्या ऑनलाइन खरेदीतल्या सगळ्या अडचणी तेव्हाही होत्या आणि त्यांवरचा उपायही 'पैसे परत' हाच होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती बोचणार आहे.

घराण्याच्या मालकीचा नेमका फायदा काय?

ज्या कंपनीचे समभाग बाजारात विकले जात नाहीत, तिला आपले आकडे चारचौघांत मांडावे लागत नाहीत. दर तीन महिन्यांनी 'नफा का घटला' असं विचारणारं कुणी नसतं. मालक घरचेच, पैसे आज नाही तर दहा वर्षांनी आले तरी चालतील असं ते म्हणू शकतात.

ईटन्सनं हा फायदा पुरेपूर घेतला. १९०५ मध्ये त्यांनी टोरंटोपासून दोन हजार किलोमीटरवर, विनिपेगमध्ये मोठं दुकान काढलं. त्याच वर्षी टोरंटोत नाताळआधीची सांताक्लॉजची मिरवणूक सुरू केली. ती १९८२ पर्यंत त्यांनी चालवली. या मिरवणुकीनं किती विक्री वाढली हे कुणी मोजलं नसेल आणि घरच्या दुकानात ते मोजायची गरजही नव्हती. १९०७ मध्ये टिमथी गेला आणि मुलगा जॉन क्रेग मालक झाला. पहिल्या महायुद्धात जे नोकर सैन्यात गेले त्यांपैकी लग्न झालेल्यांना त्यानं पूर्ण आणि अविवाहितांना अर्धा पगार चालू ठेवला. भागधारकांची कंपनी असती तर बैठकीत हात वर झाले असते.

जॉन क्रेग १९२२ मध्ये वारला तेव्हा त्याची मुलं लहान होती. मग चुलतभाऊ आर. वाय. ईटन यानं वीस वर्षं धुरा सांभाळली आणि १९४२ मध्ये ती जॉन क्रेगचा मुलगा जॉन डेव्हिड याच्याकडे दिली. १९३० मध्ये, जागतिक मंदी सुरू झालेली असताना, टोरंटोच्या कॉलेज स्ट्रीटवर त्यांचं आणखी एक देखणं दुकान उघडलं. एवढा दम घरच्या पैशालाच असतो.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मुठीत खरंच सव्वा लाख होते तोवर झाकण्यात शहाणपण होतं.

पण घरचं दुकान म्हणजे नोकरही घरचे, असं होतं का?

अर्धवट. १९१९ मध्ये दुकानाला ५० वर्षं झाली तेव्हा कामगारांनी वर्गणी काढून टिमथीचा बसलेला पुतळा करून दिला, हे खरं. दुसरी बाजूही आहे. ईटन्स स्वतःच्या कारखान्यांत कपडे शिवून घेत असे. १९१२ मध्ये तिथल्या कोट शिवणाऱ्यांना, जे बहुतांश ज्यू स्थलांतरित होते, सांगण्यात आलं की अस्तर यापुढे यंत्रावर तुम्हीच शिवायचं, आणि वेगळा मोबदला मिळणार नाही. तोवर ते काम बायका हातानं करत. आमच्या बहिणींच्या तोंडचा घास आम्ही काढणार नाही, असं म्हणून हजाराच्या आसपास लोक संपावर गेले. ते हरले. १९४८ पासून टोरंटोच्या दुकानांत संघटना उभी करायचा मोठा प्रयत्न झाला. १९५१ च्या अखेरीस मतदान झालं आणि संघटना थोडक्यात हरली. याच काळात कंपनीनं पेन्शन योजना आणली होती, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

घरचा धनी मायाळू असतो, पण द्यायचं की नाही हे त्याच्या मनावर. हक्क आणि मर्जी यांतला फरक चांगल्या दिवसांत दिसत नाही.

भिंतीला ओल कुठून आली?

दुसऱ्या महायुद्धानंतर जे बदललं ते एका झटक्यात नव्हे, म्हणूनच लक्षात यायला उशीर झाला.

लोक मोटारी घेऊन उपनगरात राहायला गेले. ईटन्सची ताकद शहराच्या मध्यात, ट्रामच्या थांब्याजवळ होती. समोरच्याच सिम्पसन्स या प्रतिस्पर्धी दुकानानं १९५२ मध्ये अमेरिकेतल्या सीअर्स या बड्या दुकानकंपनीशी भागीदारी केली आणि ती जोडकंपनी कॅटलॉग व उपनगरी दुकानं यांच्या मागे लागली. ईटन्सही गेलं, पण मागून.

मग एकेका वस्तूची मोठी दुकानं आली: फक्त फर्निचर, फक्त खेळणी, फक्त विजेची उपकरणं. इथे डिपार्टमेंट स्टोअरचं एक मर्म कळायला हवं. वरच्या मजल्यावरचं फर्निचर वर्षातून कमी वेळा फिरतं. खालच्या मजल्यावरचे हातमोजे, अत्तरं, मोजे सतत फिरतात. पण सोफा पाहायला आलेलं कुटुंब खालून जातं आणि येताजाता चार वस्तू घेतं. एकत्र कुटुंबात एक कमावता भाऊ दुसऱ्याला सांभाळतो तसे हे मजले एकमेकांना धरून असतात. बाहेरच्या दुकानानं सोफा पळवला की नुकसान फक्त सोफ्याचं होत नाही, खालच्या मजल्यावरची वर्दळही जाते. मजला रिकामा करावा तर भाडं, वीज, जिने, लिफ्ट यांचा खर्च तोच राहतो.

बँकांची क्रेडिट कार्डं आली आणि दुकानाच्या स्वतःच्या खात्याचं अप्रूप संपलं. बायका नोकरी करू लागल्या. दुपारी सावकाश चार मजले फिरून, तिथेच जेवून घरी जाणारं गिऱ्हाईक कमी झालं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. अख्खी इमारत ज्या दुपारसाठी बांधली होती, ती दुपारच कुणाकडे उरली नाही.

घराण्यानं मधल्या काळात बाहेरच्या व्यवस्थापकांकडे कारभार दिला होता. त्यांनी १९७६ मध्ये कठोर निर्णय घेतला आणि कॅटलॉग बंद झाला. सुमारे ९,००० लोकांचं काम गेलं. तो विभाग तोट्यात होता, मोटारीमुळे शेतकरीही शहरात येऊ लागले होते. त्या दिवशीच्या हिशेबानं निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण घरपोच विक्रीचं जवळपास शंभर वर्षांचं कसब, पत्त्यांच्या याद्या, गोदामं, परत आलेला माल हाताळणारी माणसं, सगळं एकदम विखुरलं. अमेरिकेत सीअर्सनंही आपला मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला. अॅमेझॉनची स्थापना त्याच्या पुढच्या वर्षीची.

१९७७ मध्ये जॉन डेव्हिडचा मुलगा फ्रेड अध्यक्ष झाला, म्हणजे सूत्रं पुन्हा घरात आली. त्याच वर्षी टोरंटोत 'ईटन सेंटर' हा काचेच्या छताचा भव्य मॉल उघडला आणि तुफान चालला. या यशानं घात केला असं मला वाटतं. तोच नमुना गेल्फ, सार्निया अशा ओंटॅरिओतल्या छोट्या शहरांत नेला गेला. मोठ्या शहराच्या मध्यात, भुयारी रेल्वेवर जे चाललं, ते लहान गावाच्या मध्यात चालेना. गावकरी गाडी काढून बाहेरच्या रस्त्यावरच्या दुकानांत जात.

हे सगळं होत असताना मूठ झाकलेलीच होती. नफा किती, तोटा किती, घराण्याच्या इतर मालमत्तेतून दुकानात किती ओतलं जातंय, बाहेर कुणालाच माहीत नाही. दूरचित्रवाणीच्या 'बेटन' कंपनीत त्यांचा मोठा वाटा होता. बॅसेट आणि ईटन या दोन घराण्यांची नावं जोडून ते नाव बनलं होतं. श्रीमंती खरी होती. तिच्या उजेडात दुकानातला अंधार दिसत नव्हता, कदाचित घरच्यांनाही.

'सेल' बंद केला तेव्हा

१९८८ मध्ये फ्रेडचा धाकटा भाऊ जॉर्ज अध्यक्ष झाला. तरुणपणी तो फॉर्म्युला वन शर्यतींत गाड्या चालवत असे. १९९१ मध्ये त्याच्या कारकिर्दीत कंपनीनं ठरवलं की आता सेल नाहीत. वर्षभर एकच वाजवी किंमत.

कल्पना वेडगळ नव्हती. सेलच्या पद्धतीत दुकान आधी किंमत फुगवतं, मग कमी करतं; गिऱ्हाईक शिकतं की आज घ्यायचं नाही, पंधरा दिवस थांबायचं. मग माल पडून राहतो आणि फिरत मंदावते. शिवाय एकच किंमत हे तर पणजोबांचं तत्त्व!

पण १८६९ मध्ये गिऱ्हाइकाला भीती होती ती दुकानदार चेहरा पाहून दर लावेल याची. एक किंमत म्हणजे त्याला संरक्षण होतं. १९९१ मधल्या गिऱ्हाइकाला ती भीती नव्हती. त्याला 'आपण स्वस्तात मिळवलं' याचं समाधान हवं होतं, आणि समोरच्या दुकानात सेल चालूच होते. वर वेळही वाईट साधली: मंदी होती आणि त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून देशात ७ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता. ईटन्सचे दरवर्षीचे प्रसिद्ध सेल ज्यांच्या अंगवळणी पडले होते, ते लोक दुसरीकडे गेले. काही वर्षांनी धोरण मागे घेतलं, पण गेलेले सगळे परतले नाहीत. अमेरिकेत जेसी पेनी या डिपार्टमेंट स्टोअरनं २०१२ मध्ये हीच चूक केली आणि एका वर्षात विक्री सुमारे एक चतुर्थांश घसरली.

मूठ उघडली

फेब्रुवारी १९९७ मध्ये ईटन्सनं न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं. धनको म्हणजे ज्यांचे पैसे कंपनीनं द्यायचे आहेत ते: बँका, माल पुरवणारे, जागांचे मालक. कॅनडात यासाठी १९३३ चा एक कायदा आहे. तो म्हणतो की सगळे एकदम वसुलीला धावले तर दुकान आजच मोडेल आणि कुणालाच फार मिळणार नाही. म्हणून काही काळ सर्वांनी थांबावं, कंपनीनं परतफेडीची योजना मांडावी, धनकोंनी मत द्यावं. विहिरीत पाणी कमी असताना सगळ्यांच्या घागरी एकदम सोडू नयेत, तसं. २०२५ मध्ये हडसन्स बेनंही याच कायद्याचा आसरा घेतला.

देशाला धक्का बसला, कारण तोवर आकडे कुणी पाहिलेच नव्हते. जॉर्ज बाजूला झाला आणि हडसन्स बेचाच माजी प्रमुख जॉर्ज कोसिच याला आणण्यात आलं. १९९८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा ईटन्सचे समभाग लोकांना विकले गेले, एकेक १५ डॉलरला. कंपनीनं तरुण, फॅशनच्या गिऱ्हाइकाकडे मोहरा वळवला. तरुण आले नाहीत आणि आपल्या आजीपासूनच्या सवयीनं येणाऱ्यांना तिथे परकं वाटू लागलं. ऑगस्ट १९९९ मध्ये समभाग एका डॉलरच्याही खाली होता आणि कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. शेवटच्या आठवड्यांत दुकानांत पुन्हा गर्दी झाली. अर्थात सेलसाठी.

मग खापर कुणावर फोडायचं?

'वॉलमार्टवर' असं उत्तर कॅनडात सर्रास मिळतं. १९९४ मध्ये वॉलमार्टनं वूलकोची १२२ दुकानं घेऊन त्या देशात पाऊल टाकलं आणि फिरतीचा खेळ टिमथीपेक्षाही निष्ठुरपणे खेळला, हे खरं. पण तोवर ईटन्स वीस वर्षं आजारी होतं. अशक्त माणसाला थंडी बाधली, म्हणून सगळा दोष थंडीला देता येत नाही.

इंटरनेटवर? अॅमेझॉनचं कॅनडासाठीचं संकेतस्थळ २००२ मध्ये सुरू झालं. ईटन्स तीन वर्षं आधीच गेलं होतं.

नालायक वारसांवर? ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड. एका पिढीनं कमावलं, तिसरी-चौथी बसून खाते, हे कुणालाही पटतं. पण त्याच काळात सिम्पसन्स गेलं. ते १९७८ मध्ये हडसन्स बेनं विकत घेतलं आणि १९९१ मध्ये त्याचं नावही पुसलं. तिथे ईटन बंधू नव्हते. वारसांचा दोष मी वेगळ्या ठिकाणी शोधतो. आजार सगळ्यांनाच झाला होता. ईटन्समध्ये ताप मोजायला कुणी नव्हतं. भागधारकांची कंपनी असती तर १९८० च्या दशकातच वर्तमानपत्रांत आकडे आले असते, आरडाओरडा झाला असता, कदाचित वेळेत दुकानं कमी झाली असती. ज्या एकांतानं विनिपेगचं धाडस करू दिलं, त्याच एकांतानं गेल्फची चूक वर्षानुवर्षं झाकली.

म्हणजे समभाग बाजारात विकले असते तर दुकान वाचलं असतं? तशी खात्री कुणी देऊ नये. सीअर्सच्या कॅनडातल्या कंपनीचे समभाग बाजारात होते, आकडे जगासमोर होते, तरी जानेवारी २०१८ मध्ये तिचंही शेवटचं दुकान बंद झालं. निवृत्त कामगारांच्या पेन्शनला कात्री लागली ती वेगळीच. ताप मोजता आला म्हणजे औषध सापडलं असं नाही.

त्या जागांवर आता काय आहे

ईटन्स बुडाल्यावर सीअर्सनं त्याचं नाव आणि काही जागा घेतल्या. २००० मध्ये मोजक्या ठिकाणी 'ईटन्स' पुन्हा उघडलं, नावाचं पहिलं अक्षर मुद्दाम लहान लिपीत आणि जाहिराती वांगी रंगात न्हालेल्या. २००२ मध्ये तेही आटोपलं. विनिपेगचं लाल विटांचं दुकान पाडून तिथे २००४ मध्ये आईस हॉकीचं मैदान उभं राहिलं. १९१९ च्या पुतळ्याची तिथली प्रत त्याच मैदानाच्या इमारतीत आहे. टोरंटोचा पुतळा संग्रहालयात गेला. टिमथीच्या बुटाचं टोक घासलं की नशीब उघडतं अशी जुनी समजूत असल्यानं दोन्हीकडे ते टोक चकचकीत आहे. हॉकीचे चाहते अजूनही सामन्याआधी हात फिरवून जातात.

टोरंटोतल्या मॉलचं नाव आजही ईटन सेंटरच. त्याच्या उत्तर टोकाच्या ईटन्सच्या जागेत आधी सीअर्स आलं, मग अमेरिकेचं नॉर्डस्ट्रॉम, आणि २०२३ मध्ये नॉर्डस्ट्रॉमनंही देश सोडला. २०२५ मध्ये, हडसन्स बे बंद झाल्यावर काही महिन्यांत, त्या जागेच्या एका भागात नवं दुकान उघडलं: कॅनडाच्याच क्युबेक प्रांतातलं सिमॉन्स. १८४० पासूनचं, आणि अजून घराण्याच्या मालकीचं. फरक एवढाच की त्यांनी दुकानं मोजकीच काढली, फर्निचर-टीव्हीच्या मजल्यांच्या फंदात न पडता कपडे आणि घरसजावटीला धरून राहिले, आणि २०२२ मध्ये प्रमुखाच्या खुर्चीवर पहिल्यांदाच घराबाहेरचा माणूस बसवला. त्यांचे आकडेही बाहेर कुणाला दिसत नाहीत.